जाड रेघ

लघुलिपीत क आणि ग यांची रेघ एकच.
क बारीक, ग जाड.
स्वर मागाहून टिंबांनी द्यायचे,
घाई असली तर द्यायचेच नाहीत.
म्हणजे 'कर्ज' आणि 'गरज' यांत फरक
फक्त बोटाच्या दाबाचा.
एकतीस वर्षं या दाबावर मी पोट भरलं,
संसदेच्या समित्यांमागे, दुसऱ्या रांगेत बसून.

खाजणवाडीला समिती पोचली ती सुकतीला.
दौरा आखताना कुणीतरी भरतीचं बघायला हवं होतं.
परदेशी कर्जातून बांधलेला एकशे चाळीस मीटरचा धक्का
गाळात पाय पोटाशी घेऊन बसलेला,
होड्या पलीकडे, जुन्या पुळणीवरच.
बर्फाच्या कारखान्यात टेबल मांडलेलं.
वर पांढरी चादर, चादरीच्या कडेला
धुऊनही न गेलेले पेडव्यांचे खवले.

सहसचिव वाचत होते:
परतफेड सात वर्षांनी सुरू,
चलन त्यांचं, घसरण आपली,
(हे शेवटचं ते असं म्हणाले नाहीत)
आणि न उचललेल्या रकमेवर वचनबद्धता आकार.
एक सदस्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या,
चष्मा वर सरकवून म्हणाल्या,
"जे घेतलंच नाही, त्याचेही पैसे?"
"होय. ते आपल्यासाठी राखून ठेवलेले असतात."
"सभागृहाला हे कधी कळलं?"
"करार पटलावर ठेवला होता."
"सहीच्या आधी?"

मी निब कागदावर टेकवून थांबलो.
बर्फ फोडायचं यंत्र तेवढं बोलत राहिलं.

मग भागीरथी कुबल, मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या.
वय विचारलं तर म्हणाल्या, "लिवा सत्तर."
त्यांना धक्क्याबद्दल विचारलं, त्या भिशीबद्दल बोलल्या.
"आमी बावीस बायलो. पैशे दिवच्या आदी
वही मोठ्यान वाचतत. मागच्या बाईक आयकाक येवक होया.
नायतर आंगठो लावूक देयत नाय.
ह्या धक्क्याची वही कोणी वाचल्यान?"

अध्यक्ष हसले, वाईट नव्हते ते.
"हे विषयाला धरून नाही. नोंदीतून वगळा."

सदस्या तोवर फाईल चाळत मागे गेल्या होत्या,
परिशिष्ट चारपर्यंत. तिथे आणखी एक धक्का,
दूरच्या कुठल्याशा बेटावर. तिथे धनको आपण.
त्यांनी ते कलम हळू आवाजात वाचलं.
तेच वाक्य, तोच आकार, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी,
नावं तेवढी अदलाबदल केलेली.
कुणी काही विचारलं नाही.
"काय गे वाचता ती?" भागीरथीबाई माझ्याकडे वाकल्या.
मी मूळचा आचऱ्याकडचा, दिल्लीत कुणाला माहीत नाही.
म्हटलं, "आपणय दितो, दुसऱ्यांका."
त्या बराच वेळ गप्प. पदराने हात पुसले.
"मगे थयल्या बायलांक सांगा कोणीतरी.
म्हणा, पयली वही वाचूक लावा."

चहा आला. फोटो झाले.
अध्यक्षांच्या बुटाला लागलेला गाळ
ड्रायव्हरने नारळाच्या सोडणाने काढला.

रात्री विश्रामगृहात वही उघडली.
बर्फाचं पाणी ठिबकलं होतं, शाई फुटलेली.
बारीक रेघा सगळ्या जाड झाल्या होत्या.
पान एकोणीस: सहसचिव म्हणाले,
'देशाच्या विकासासाठी हे कर्ज',
की 'ही गरज'?
टिंबं मी दिली नव्हती.
दोन्ही लिहून पाहिली. दोन्ही बरोबर वाटली,
आणि त्याचीच भीती वाटली.

पहाटे स्वच्छ प्रत काढली. वगळायचं ते वगळलं,
नोकरी आहे.
फक्त "सहीच्या आधी?" याच्याखाली
दोन ओळी कोऱ्या सोडल्या.
शांततेला आमच्या लिपीत खूण नाही.
दिल्लीत टंकलेखक त्या ओळी मिटवून टाकेल, हे मला ठाऊक आहे.
तरी सोडल्या.